अलंकार कसे ओळखावेत आणि कसे तपासावेत?




मराठीच्या व्याकरणात ‘अलंकार’ हा भाग आला की पुष्कळ विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, पुस्तकातले एक ठरावीक उदाहरण पाठ करतात आणि परीक्षा संपली की दोन्ही विसरतात. मोठी माणसे तर अलंकार म्हणजे कवींचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असेच समजून चालतात. वस्तुतः आपण दिवसभर अलंकारांतूनच बोलत असतो. ‘महागाईने कंबर मोडली’, ‘पोरगं म्हणजे वाघ आहे’, ‘दवाखान्यात पैसा पाण्यासारखा गेला’ ही वाक्ये कोणा कवीची नाहीत. ती आपल्या घरातली आहेत.

प्रस्तुत लेखात नेहमीच्या अलंकारांची ओळख करून द्यावयाची आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. अलंकार ओळखला म्हणजे अर्धे काम झाले. तो तपासणे हे उरलेले अर्धे. अलंकाराने माणसाला शहाणे करता येते, तसेच शतकानुशतके बांधूनही ठेवता येते. या दोहोंची उदाहरणे आपल्या धम्मसाहित्यात, आपल्या नाशिक जिल्ह्यात आणि बाबासाहेबांच्या लेखनात मिळतात.

उपमेची चार अंगे

‘अलंकार’ या शब्दाचा साधा अर्थ दागिना. भाषेला शोभा आणणारी, अर्थ अधिक ठसठशीत करणारी शब्दरचना म्हणजे अलंकार. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या ग्रंथकारांनी ही संख्या वाढवीत नेली. बौद्ध परंपरेतही या शास्त्राचा अभ्यास झाला. सिंहलद्वीपातील स्थविर संघरक्षित यांनी ‘सुबोधालंकार’ हा अलंकारशास्त्रावरील ग्रंथ पाली भाषेत लिहिला. भिक्षूंना अलंकारांची काय गरज, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर महाकवी अश्वघोषाने ‘सौन्दरनन्द’ काव्याच्या शेवटी दिले आहे. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून त्यात मध घालतात. आपण काव्य लिहिले ते त्याचसाठी, असे तो सांगतो. म्हणजे महत्त्व औषधाचे. मध हा मदतीला.

आता उपमा पाहू. एक साधे वाक्य घ्या : ‘आवणीच्या दिवसांत इगतपुरीचे धुके घोंगडीसारखे दाट असते.’ यात चार गोष्टी आहेत.

१. ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय : धुके.
२. ज्याच्याशी तुलना करावयाची ते उपमान : घोंगडी.
३. दोहोंत सारखा असणारा गुण, म्हणजे साधारण धर्म : दाटपणा.
४. सारखेपणा दाखविणारा साम्यवाचक शब्द : ‘सारखे’. (सम, समान, परी, प्रमाणे, जसे, तसे हेही याच कामाचे शब्द.)

ही चार अंगे ज्याला शोधता आली त्याला बहुतेक अर्थालंकार समजले, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण पुढचे पुष्कळसे अलंकार या चार अंगांच्या फेरफारातूनच तयार होतात.

एकच धुके, अनेक अलंकार

आपण तेच धुके आणि तीच घोंगडी घेऊन पुढे जाऊ.

उत्प्रेक्षा : ‘धुके म्हणजे जणू डोंगराने पांघरलेली घोंगडीच!’ येथे उपमेय हेच जणू उपमान आहे अशी कल्पना केली. जणू, जणूकाही, गमे, वाटे, भासे हे शब्द दिसले की उत्प्रेक्षेची शंका घ्यावी.

रूपक : ‘डोंगराने धुक्याची घोंगडी पांघरली.’ येथे ‘सारखे’ही नाही आणि ‘जणू’ही नाही. धुके आणि घोंगडी एकरूप झाली.

अपन्हुती : ‘हे धुके नव्हे, ही डोंगराची घोंगडी आहे.’ उपमेय नाकारून त्याच्या जागी उपमान बसविले.

ससंदेह : ‘हे धुके म्हणावे की घोंगडी?’ मनाचा निर्णय होत नाही.

भ्रांतिमान : ‘धुक्याला पाणी समजून वासरू दरीच्या कडेला थबकले.’ येथे संशय उरला नाही, चूकच झाली आणि त्या चुकीप्रमाणे कृतीही झाली. ससंदेह आणि भ्रांतिमान यांत हाच फरक आहे.

व्यतिरेक : ‘घोंगडीपेक्षा धुके थोर, घोंगडीने माणूस झाकतो, धुक्याने कळसूबाई झाकली.’ उपमेय उपमानाहून वरचढ ठरले.

अनन्वय : ‘इगतपुरीच्या पावसासारखा पाऊस इगतपुरीचाच!’ दुसरे उपमान सापडतच नाही.

अतिशयोक्ती : ‘धुके इतके दाट की कोयत्याने कापून पाटीत भरावे.’

चेतनगुणोक्ती : ‘धुके हळूच दार लोटून घरात आले आणि चुलीपाशी बसले.’ निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली.

आता शब्दालंकार. वरील अलंकारांत अर्थ महत्त्वाचा होता. शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला तरी अलंकार टिकतो. शब्दालंकारात तसे होत नाही. शब्द बदलला की अलंकार गेला.

अनुप्रास : ‘घाटात घुमते गाडीची घरघर.’ एकाच अक्षराच्या पुनरावृत्तीने नाद तयार झाला.

यमक : ‘आवणीला आली माय, चिखलात रुतले पाय.’ ठरावीक ठिकाणी तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने आली.

श्लेष : ‘डोंगर फोडून रेल्वेने मोठाच घाट घातला.’ घाट म्हणजे डोंगरातला रस्ता आणि घाट घालणे म्हणजे एखादे मोठे काम अंगावर घेणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसले. थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला १८६५ साली पोहोचला, तेव्हा दोन्ही अर्थांनी तो घाटच होता.

तथागतांच्या उपमा

भगवान बुद्धांचा उपदेश उपमांनी भरलेला आहे. मज्झिम निकायातील एका वर्गाचे नावच ‘ओपम्मवग्ग’, म्हणजे उपमांचा वर्ग, असे आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिबिरे होत आहेत आणि तेथील विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक देवनागरी लिपीत छापून प्रसिद्ध केले आहे. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना हे मूळ शब्द आपल्या लिपीतच पाहता येतात. येथे चार उदाहरणे घेऊ.

पहिले धम्मपदाच्या आरंभीचे. वाईट मनाने बोलणाऱ्या किंवा वागणाऱ्याच्या मागे दुःख कसे येते? गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक येते तसे. चांगल्या मनाने वागणाऱ्याच्या मागे सुख कसे येते? कधीही साथ न सोडणाऱ्या सावलीसारखे. दोन्ही ठिकाणी ‘मागे येणे’ हा साधारण धर्म एकच. मग उपमाने दोन का? विचार करा. चाकाला वजन असते; ते बैलाला ओढावे लागते. सावलीला वजन नसते. ती नुसती सोबत करते. दुःख ओझे होऊन येते आणि सुख हलके होऊन येते, हा सगळा अर्थ केवळ उपमान बदलून सांगितला गेला. याला म्हणतात उपमेची निवड.

दुसरे उदाहरण सोण या भिक्षूचे. सोणाने साधनेत स्वतःला इतके ताणले की चालून चालून पाय रक्तबंबाळ झाले. शेवटी घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे मग सोणाला वेगळे सांगावे लागले नाही. एक तत्त्व सांगून ते तशाच दुसऱ्या गोष्टीने पटवून देणे, हा दृष्टान्त अलंकार. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की उपमान ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून घेतले आहे. वीणावादकाला वीणा. अग्निपूजक असलेल्या उरुवेल काश्यपाला आणि त्याच्या जटाधारी मंडळींना गयाशीर्षावर जो उपदेश केला त्यात डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन सर्व पेटलेले आहे असे सांगितले. राग, द्वेष आणि मोह हीच ती आग. अग्नीशी जन्म घालविलेल्यांना अग्नीचेच रूपक!

तिसरे उदाहरण शेतीचे, म्हणून आपल्या भागातील वाचकांना जवळचे. सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाचा शेतकरी ब्राह्मण भगवंतांना भिक्षा देण्याऐवजी सुनावतो, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही नांगरा, पेरा आणि मग खा. भगवंत म्हणतात, मीही शेतीच करतो. मग ते आपले शेत उलगडून दाखवितात : श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर, लज्जा हा नांगराचा दांडा, मन हा दोर, स्मृती हा फाळ आणि पराणी, उद्योग हा ओढणारा बैल, आणि येणारे पीक दुःखमुक्तीचे. एका रूपकाची सर्व अंगे अशी एकामागून एक जुळविली की त्याला सांगरूपक म्हणतात. परीक्षेत व्याख्या आठवली नाही तरी हे शेत आठवा.

चौथे अंगुलिमालाचे. अंगुलिमाल पाठलाग करीत धावतो आहे आणि भगवंत शांतपणे चालत आहेत. तो ओरडतो, थांब! भगवंत चालता चालताच सांगतात, मी थांबलेलो आहे. आता तू थांब. चालणारा म्हणतो मी थांबलो, हा वरवर पाहता विरोध. थोडा विचार केला की विरोध जातो. प्राण्यांची हिंसा थांबली तो थांबला. वरवर विरोध आणि आत संगती असली म्हणजे विरोधाभास अलंकार होतो.

त्रिरश्मी लेण्यातील प्रशस्ती

बुद्धवचनातील उपमा ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी आहेत. सगळ्या उपमा तशा नसतात. त्यासाठी दूर जावयास नको. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हे लेणे भिक्षुसंघाला दान दिल्याची ती नोंद आहे. राजमातेने त्यात आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती कोरविली आहे.

अलंकारांच्या विद्यार्थ्याने हा लेख अवश्य समजून घ्यावा. राजाचे मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे आहे, चाल उत्तम हत्तीसारखी आहे, बाहू नागराजाच्या वेटोळ्यांसारखे भरदार आहेत, बळ हिमालय, मेरू आणि मंदार या पर्वतांसारखे आहे. या सर्व उपमा. त्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली, ही अतिशयोक्ती. घोडा खारे पाणी पीत नाही हे राजमातेलाही ठाऊक असणारच. येथे शब्दार्थ घ्यावयाचा नाही; राज्य समुद्रापर्यंत पसरले होते एवढाच आशय घ्यावयाचा.

परंतु त्याच लेखात, याच स्तुतीच्या ओघात, राजाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असेही म्हटले आहे. कमळ, हत्ती, पर्वत असे एकामागून एक येत असताना हे विधानही गोड वाटून जाते. येथे विद्यार्थ्याने थांबावे. कमळाची उपमा ही शोभा आहे. वर्णसंकर थांबविला हा समाजव्यवस्थेचा दावा आहे. दोन्ही एकाच माळेत ओवली म्हणून दोन्हींची जात एक होत नाही. भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर हे कोरलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपण का तपासून वाचावे हे पटेल.

रूपकाचा कायदा होतो तेव्हा

आता सर्वांत गंभीर उदाहरण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात एका विराट पुरुषाची कल्पना आहे. त्याचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र झाला, असे त्यात सांगितले आहे. समाज म्हणजे शरीर, हे रूपक झाले. रूपक म्हणून कोणी ते वाचले असते आणि सोडून दिले असते तर फारसे बिघडले नसते. पण मनुस्मृतीने याच मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्या आधारावर वेगवेगळी कर्मे वाटून दिली. कल्पना होती तिचा कायदा झाला. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या आपल्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात या पुरुषसूक्ताची झडती घेतली, ती यामुळेच. त्यापूर्वी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा समोरचे बंद दार हे रूपक नव्हते. ते खरोखरचे लाकडी दार होते आणि आतून बंद होते.

हे रूपक तपासावयाचे कसे? त्याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर भगवान बुद्धांचे. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात एक तरुण ब्राह्मण सांगतो, की ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले म्हणून श्रेष्ठ. भगवंत त्याला साधी वस्तुस्थिती दाखवितात. ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, बाळंत होतात आणि मुलांना दूध पाजतात. मग त्याच मार्गाने जन्मलेले मुखातून जन्मलो असे कसे म्हणतात? जे रूपक वस्तुस्थिती म्हणून मिरविले जाते त्याच्यासमोर वस्तुस्थिती उभी करावी, ही पहिली रीत.

दुसरी रीत साधारण धर्म तपासण्याची. समाज शरीरासारखा आहे असे म्हणता ना? मग शरीराचा धर्म पाहा. पायात काटा रुतला तर कळ डोक्यापर्यंत जाते, डोळ्यांत पाणी येते, हात लगेच काटा काढावयास धावतो. एकच रक्त पायातही वाहते आणि मुखातही. आपल्या समाजात पायातल्या काट्याची कळ मस्तकाला शतकानुशतके कळली नाही. हात काटा काढावयास धावला नाही, उलट त्याने पायाला पाण्यापासून दूर ठेवले. म्हणजे ‘शरीर’ हे उपमान जुळतच नाही. साधारण धर्म नाही तेथे उपमा खोटी ठरते.

‘मूकनायका’तील मनोरा

बाबासाहेबांनी नुसते खोटे रूपक मोडले नाही. त्याच्या जागी खरे रूपक दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याचे रूपक दिले आहे. एकेक जात हा त्या मनोऱ्याचा एकेक मजला. पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर माणसाने मरावयाचे, मग खालच्या मजल्यावरचा कितीही लायक असो आणि वरचा कितीही नालायक असो.

आता हे रूपक त्याच कसोटीवर लावा. उपमेय तेच, हिंदू समाज. उपमान बदलले : शरीराऐवजी मनोरा. साधारण धर्म जुळतो का? मजले एकावर एक, जातीही एकावर एक. मजल्यांमध्ये तक्तपोशी, जातींमध्ये रोटीबेटीची बंदी. शिडी नाही, तशी जात बदलण्याची सोय नाही. जुळते! आणखी एक गोष्ट पाहा. शरीराचे अंग बदलता येत नाही, पायाचा हात होत नाही. म्हणून शरीराचे रूपक ऐकणाऱ्याला ‘हे असेच असावयाचे’ असे वाटते. मनोरा मात्र माणसाने बांधलेला असतो. माणसाने बांधलेले माणसाला पाडता येते, निदान शिडी तरी लावता येते. म्हणजे पहिले रूपक माणसाला निमूट बसवते आणि दुसरे विचार करावयास लावते. त्याच अंकात बोटीचेही उदाहरण आहे. एकाच बोटीतून जाणाऱ्याने दुसऱ्याच्या नुकसानीसाठी बोटीला इजा केली तर तोही बुडावयाचाच. अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब मुक्यांना वाचा देताना भाषेची किती नेमकी निवड करीत होते, हे यावरून दिसते.

या वाटेने आपले पुढचे साहित्य आले. त्यातील नुसती शीर्षके पाहिली तरी अलंकारांचा पाठ होतो. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. जात ही चोरावयाची वस्तू आहे का? शब्दार्थाला बाध येतो आणि लगेच दुसरा अर्थ उजळतो; स्वतःचीच ओळख लपविणाऱ्याला चोर ठरविणारा समाज दिसू लागतो. याला लक्षणा म्हणतात. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) : बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, येथे वाट्याला आले ते दुःख. शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) : तराळकीपासून विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंतचे अंतर एका यमकात मावले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही तोंडी बसली, त्यात चालीबरोबर यमकाचा आणि ध्रुवपदाचा वाटा मोठा आहे. यमक म्हणजे न वाचणाऱ्याची वही होय.

आपली भाषणे, आपली गीते

दुसऱ्यांची रूपके तपासतो तशी स्वतःचीही तपासली पाहिजेत. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला आपण भाषणे करतो. बाबासाहेबांना सूर्य म्हणतो, सागर म्हणतो, हिमालय म्हणतो. भावना खरी आहे. पण वक्त्याने क्षणभर थांबून साधारण धर्म विचारावा. सूर्य आपोआप उगवतो. आपण झोपलो तरी उजेड पडतोच. बाबासाहेबांनी सांगितलेला मार्ग तसा नाही. तेथे स्वतः शिकावे लागते, संघटित व्हावे लागते, संघर्ष करावा लागतो. नुसते सूर्य म्हणून आपण थांबलो तर उपमेने आपल्याला झोपविले असे होईल. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच राजकारणातील विभूतिपूजेचा धोका सांगितला होता, हे आपण विसरू नये.

म्हणून कोणताही अलंकार समोर आला की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

एक : उपमेय कोणते आणि उपमान कोणते?
दोन : साधारण धर्म कोणता आणि तो कोठे संपतो?
तीन : ही तुलना कोणी, कोणासाठी केली, तिच्यामुळे कोणाचे दुःख दिसते आणि कोणाचे झाकले जाते?

पहिल्या दोन प्रश्नांनी परीक्षेतील गुण मिळतील. तिसऱ्याने जीवनातील.

सरावासाठी

खालील वाक्यांतील अलंकार ओळखा. उत्तरे वाचण्यापूर्वी वहीत लिहा.

१. आईच्या हाकेसारखी हाक आईचीच.
२. ही पुस्तके नव्हेत, अंधारात लावलेले दिवे आहेत.
३. कागद काळे झाले म्हणून तिचे जीवन उजळले.
४. वा! आमचे पुढारी केवढे दानशूर! निवडणूक आली की प्रत्येकाला आश्वासने वाटतात.
५. खाचरातले भात माना वर करून पावसाची वाट पाहत होते.
६. संस्थेचे कार्य अर्थाशिवाय चालत नाही.
७. अरे बँकरा, कसाऱ्याहून मागून रेटून गाडी तू वर आणतोस. इगतपुरीला तुला सोडतात आणि हारतुरे मात्र पुढच्या इंजिनाला!

उत्तरे : १. अनन्वय. २. अपन्हुती. ३. विरोधाभास, ती लिहावयास शिकली म्हणून कागद काळे झाले. ४. व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा. ५. चेतनगुणोक्ती. ६. श्लेष, अर्थ म्हणजे आशय आणि अर्थ म्हणजे पैसा, दोन्हींशिवाय चालत नाही! ७. अन्योक्ती. बोलणे बँकर इंजिनाशी आहे. रोख मागून रेटणाऱ्या आणि कोठेही नाव न येणाऱ्या श्रमिकांकडे आहे. आमच्या रेल्वेच्या गावातील घराघरांत असा एखादा बँकर होऊन गेला आहे.

शेवटी पुन्हा एक बुद्धोपमा. अलगद्दूपम सुत्तात भगवंत तराफ्याचे उदाहरण देतात. माणूस गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो, हातापायांनी वल्हवीत पैलतीराला जातो. पोहोचल्यावर तो तराफा उपकारी म्हणून डोक्यावर घेऊन फिरू लागला तर त्याला शहाणा कोण म्हणेल? धम्मदेखील पार जाण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, हा त्यांचा आशय. जो धम्माबद्दल हे सांगतो त्याच्या उपमांबद्दल वेगळे काय सांगावे? उपमा हा तराफा आहे. अर्थाच्या तीरावर पोहोचेपर्यंत तो घट्ट धरावा, पोहोचल्यावर खाली ठेवावा. आणि कोणी आपल्या डोक्यावर जुनाच तराफा ओझे म्हणून ठेवू लागला, तर तो कशाकशाचा बांधला आहे हे आधी सोडवून पाहावे.

विद्यार्थ्यांनी हे काम वर्गात करावे, सभासदांनी घरी मुलांबरोबर करावे, ही विनंती.

भवतु सब्ब मंगलं.